प्रवेशानंतरची पातळी चाचणी: कुठून सुरुवात करायची हे कसं ठरतं

कोल्हापुरात कॉलेजच्या आवारात ‘प्लेसमेंट’ म्हटलं की शेवटच्या वर्षाच्या कॅम्पस मुलाखती आणि पॅकेजचे आकडे आठवतात. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या नोटीस बोर्डावर ‘प्लेसमेंट टेस्ट’ असा कागद लागला की विद्यार्थी आणि पालक दोघंही गोंधळतात. या परीक्षेचा नोकरीशी काही संबंध नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला एखादा विषय नेमक्या कोणत्या पायरीपासून शिकवायला हवा, हे शोधण्यासाठी ती घेतात. कुठे तिला डायग्नॉस्टिक टेस्ट म्हणतात, कुठे एंट्री लेव्हल टेस्ट, कुठे नुसतंच ‘ब्रिज कोर्सची परीक्षा’ (ब्रिज कोर्स म्हणजे राहून गेलेला पाया भरून काढणारे पूरक तास). या लेखात तिला पातळी चाचणी म्हणू.

तिच्यात नापास होता येत नाही. तिचे गुण मार्कलिस्टवर चढत नाहीत आणि मिळालेला प्रवेश तिच्यामुळे जात नाही. हे पहिल्याच दिवशी वर्गात मोठ्याने सांगायला हवं, कारण भीतीपोटी शेजाऱ्याचं बघून लिहिलेला पेपर शेजाऱ्याची पातळी सांगतो आणि लिहिणाऱ्याला चुकीच्या वर्गात नेऊन बसवतो.

बारावीचे गुण आहेत, सीईटीचं पर्सेंटाइल आहे, मग आणखी एक परीक्षा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. ८० पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या साधारण ऐंशी जणांच्या बरोबरीला किंवा पुढे. त्या मुलाला त्रिकोणमिती येते की नाही, हे त्यातून कळत नाही. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे नुसत्या अंदाजाने पर्याय निवडले तरी चार पर्यायांत सरासरी एक चतुर्थांश प्रश्न बरोबर येतात. शिवाय तिथला साधारण ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. आठवी-नववीचा पाया तिथे थेट तपासला जात नाही, आणि पहिल्या वर्षी अडखळणारे बरेचसे तिथेच अडखळतात.

एक उदाहरण सविस्तर बघू. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटीत, एजन व्हॅल्यू नावाच्या खास संख्या काढायला शिकवतात. सोप्यात सोपा मॅट्रिक्स घ्या: पहिल्या ओळीत २ आणि १, दुसऱ्या ओळीत १ आणि २. समीकरण तयार होतं (२ − क्ष)² − १ = ०. कंस सोडवला की क्ष² − ४क्ष + ३ = ० आणि उत्तरं १ व ३. आता ज्याच्या डोक्यात ‘वजाबाकीचा वर्ग म्हणजे वर्गांची वजाबाकी’ असं नववीपासून पक्कं बसलंय, तो (२ − क्ष)² च्या जागी ४ − क्ष² लिहितो. त्याला मिळतं क्ष² = ३. इथून पुढे एजन व्हेक्टरची सगळी आकडेमोड चुकत जाते, आणि शिक्षकाला दिसतं की ‘याला एजन व्हॅल्यू येत नाही’. एजन व्हॅल्यूची रीत त्याला पूर्ण समजलेली असते, अडलेलं असतं ते विस्ताराच्या सूत्रावर. त्याला तोच धडा तीनदा शिकवला तरी उपयोग शून्य. नववीतला तो एक कंस अर्ध्या तासात दुरुस्त केला तर पुढचं सगळं चालू लागतं. तो कंस शोधून काढणं हे पातळी चाचणीचं काम.

म्हणून तिचा पेपर बोर्डाच्या पेपरासारखा काढून चालत नाही. गणिताचा पेपर साधारण असा असावा: ३० प्रश्न, ६० मिनिटं, सहा घटक आणि प्रत्येक घटकाचे पाच प्रश्न. घटक म्हणजे अपूर्णांक व चिन्हं, बैजिक राशी, घातांक व लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, रेषा व आलेख, आणि फलन व विकलनाची ओळख. कॅल्क्युलेटर नको, आणि आकडे लहानच हवेत, म्हणजे वेळ गुणाकारात जात नाही. सगळ्यात अवघड प्रश्न बारावीच्या मध्यम प्रश्नाएवढा. हुशारी जोखण्यासाठी मुद्दाम घातलेले अवघड प्रश्न इथे फुकट जातात: ते कुणालाच सुटत नाहीत आणि कुणाविषयी काही सांगत नाहीत.

खरं कसब आहे चुकीचे पर्याय लिहिण्यात. प्रत्येक चुकीचा पर्याय एका विशिष्ट चुकीतून आलेला असला पाहिजे. २/३ + १/४ किती? बरोबर उत्तर ११/१२. पर्यायांत ३/७ ठेवला तर तो निवडणारा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतोय हे कळतं. ३/१२ निवडणाऱ्याला सामाईक छेद काढता येतो, पण अंश बदलायचे राहतात. २/१२ निवडणाऱ्याने बेरीज सोडून गुणाकार केलाय. तिघांनाही शून्यच गुण, पण तिघांना शिकवायची गोष्ट वेगळी. तसंच (क्ष + ६)/६ या राशीत ‘सहाला सहा उडवून’ नुसता क्ष उरवणारे दरवर्षी असतात. −३² म्हणजे ९ लिहिणारे असतात. ते −९ आहे, कारण वर्ग फक्त तीनचा होतो. √(क्ष² + ९) म्हणजे क्ष + ३ असं मानणारे असतात. लॉग २ + लॉग ५ म्हणजे लॉग ७ असंही लिहिलेलं सापडतं, खरं तर ते लॉग १०, म्हणजे दहाच्या पायाने १. असे पर्याय मनाने रचता येत नाहीत. मागच्या दोन-तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसायचं आणि लाल खुणांखाली काय लिहिलंय ते वेचायचं, हा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

पाचवा पर्याय ‘माहीत नाही’ असा जरूर द्यावा आणि तो निवडायला काही हरकत नाही हे सांगावं. त्यामागचा हिशोब असा. चार पर्यायांचे पाच प्रश्न कुणी नुसत्या अंदाजाने सोडवले, तर त्यातले तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण १० टक्के आहे. सहा घटक धरले, तर एकातरी घटकात असा फसवा ‘बरा’ निकाल लागण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. म्हणजे काहीही न येणाऱ्या दर दोन विद्यार्थ्यांतला एक कुठल्यातरी घटकातून उगाच सुटू शकतो आणि गरज असलेला तास चुकवू शकतो.

भाषेचा मुद्दा कोल्हापूर जिल्ह्यात विशेष जपायला हवा. एकाच वर्गात महाद्वार रोडवरच्या घरातून इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी असते, कागलहून सेमी इंग्रजीतून आलेला मुलगा असतो आणि चंदगड किंवा गगनबावड्याकडच्या गावातून दहावीपर्यंत पूर्ण मराठीतून शिकलेला मुलगा असतो. पेपर फक्त इंग्रजीत काढला आणि प्रश्नात ‘कोएफिशिएंट’ आला, तर शेवटचा मुलगा कधीकधी तिथेच थांबतो. ‘सहगुणक’ म्हटलं असतं तर त्याने पटकन सांगितलं असतं. मग त्याच्या गुणांत गणित किती आणि इंग्रजी किती, हे वेगळं काढता येत नाही. दोन गोष्टी कराव्यात. गणिताच्या पेपरात प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत छापावी: न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, हायपोटेन्यूज म्हणजे कर्ण, क्वाड्रॅटिक इक्वेशन म्हणजे वर्गसमीकरण. आणि इंग्रजीची चाचणी वेगळी घ्यावी. तिच्यात व्याकरणाच्या रिकाम्या जागांपेक्षा पहिल्या वर्षाच्या एखाद्या पाठ्यपुस्तकातला दीडशे शब्दांचा उतारा द्यावा, त्यावर पाच प्रश्न विचारावेत आणि शिक्षकाने पाच मिनिटं बोलून त्याची टिपणं घ्यायला सांगावं. विद्यार्थ्याला रोज वर्गात नेमकं हेच करायचं असतं.

आता निकाल. पेपर तपासून झाला की विद्यार्थ्यांना गटांत टाकण्याआधी पेपरच तपासावा लागतो, आणि ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. समजा १२० विद्यार्थी बसले. एकूण गुणांनुसार क्रम लावून वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के काढायचे, म्हणजे ३२ आणि ३२. एखादा प्रश्न वरच्या गटात २८ जणांना आणि खालच्या गटात १० जणांना सुटला, तर फरक १८. भागिले ३२, म्हणजे ०.५६. हा प्रश्न येणारा आणि न येणारा यांना चांगला वेगळा करतो. ०.३ च्या वर आकडा आला की प्रश्न कामाचा समजतात. दुसरा प्रश्न वरच्या गटात ९ आणि खालच्या गटात १४ जणांना सुटला, तर आकडा उणे येतो. असं झालं की आधी उत्तरसूची बघा. बऱ्याचदा तिच्यातच चूक असते किंवा प्रश्नाचे दोन अर्थ निघत असतात. तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द करायचा. हे सगळं साध्या एक्सेल शीटवर एका दुपारी होतं.

मग येते रेषा: किती गुणांच्या खाली ब्रिज कोर्स? ‘चाळीस टक्के धरूया’ असं स्टाफरूममध्ये ठरवणं सोपं आहे, पण त्याला आधार काही नाही. जगभर वापरली जाणारी अँगॉफ पद्धत फार अवघड नाही. विषयाचे चार-पाच शिक्षक एकत्र बसतात. डोळ्यांसमोर असा विद्यार्थी आणतात जो पहिल्या सत्राचा वर्ग जेमतेम झेपवू शकेल, अगदी काठावरचा. प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक शिक्षक स्वतंत्रपणे लिहितो: असे दहा विद्यार्थी असतील तर कितीजण हा सोडवतील? अपूर्णांकाच्या प्रश्नाला आठ, लॉगच्या प्रश्नाला चार, असं. फार फरक पडला तर चर्चा करून पुन्हा लिहायचं. सरासऱ्यांना दहाने भागून ३० प्रश्नांची बेरीज केली की, समजा, १६.४ येतात. रेषा १६ वर.

पण या रेषेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, आणि का ते समजून घ्यावं. तोच विद्यार्थी तसाच दुसरा पेपर उद्या सोडवेल तेव्हा त्याला नेमके तेवढेच गुण पडणार नाहीत. झोप, अंदाज, एखादा ओळखीचा प्रश्न, सगळ्याने फरक पडतो. हा फरक मोजता येतो. गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवती गुण किती पसरलेत याचं माप) ५ असेल आणि पेपरची विश्वसनीयता (तसाच पेपर पुन्हा घेतला तर निकाल किती सारखा येईल याचं ० ते १ मधलं माप) ०.८४ असेल, तर १ मधून ०.८४ वजा केले की ०.१६, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले ५ म्हणजे २ गुण. बरोबर-चूक अशा पेपरची विश्वसनीयता केआर-२० नावाच्या सूत्राने काढतात, तेही एक्सेलमध्ये बसतं. म्हणजे १६ च्या रेषेवर १५ आणि १७ गुणांचे विद्यार्थी खऱ्या अर्थाने वेगळे आहेत असं म्हणताच येत नाही. १४ ते १८ हा पट्टा धूसर आहे. या पट्ट्यातल्या प्रत्येकाला दहा मिनिटं समोर बसवून दोन गणितं फळ्यावर सोडवून घ्यावीत, बारावीचे गुण बघावेत आणि त्यालाही विचारावं. त्या दहा मिनिटांचा कंटाळा करून कुणाला वर्षभर चुकीच्या जागी बसवणं योग्य नाही.

हा धडा अमेरिकेने महागात शिकला. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी सरकारी कॉलेजं) एका चाचणीच्या गुणांवर विद्यार्थ्यांना ‘रेमेडियल’ वर्गांत पाठवायचे. ते वर्ग सत्रभराचे, फी भरायची, पण पदवीसाठी श्रेयांक शून्य; कधी असे तीन-तीन वर्ग एकापुढे एक. कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखवलं की या चाचण्यांमुळे बरेच विद्यार्थी चुकीच्या जागी पडत होते, आणि शाळेतले वर्षभराचे गुण हे चाचणीपेक्षा चांगले भाकीत करत होते. ‘कंपास’ ही तिथली मोठी चाचणी ती काढणाऱ्या एसीटी संस्थेने २०१६ मध्ये बंद केली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून शाळेतली कामगिरी विचारात घेणं कॉलेजांना बंधनकारक केलं. यातून आपल्याला घेण्यासारखं असं: एकट्या चाचणीवर निर्णय नको, आणि पूरक वर्गाने मुख्य वर्गाची जागा घ्यायला नको.

म्हणजे ब्रिज कोर्स मुख्य वर्गाच्या बरोबर चालला पाहिजे. तो घटकवार असावा. ज्याला लॉगमध्येच अडचण आहे त्याने लॉगचे चार तास बसावं आणि मोकळं व्हावं. त्याला पूर्ण ३० तास अपूर्णांकापासून बसवलं की तिसऱ्या दिवशी तो येणं बंद करतो. एका घटकात पाचपैकी शून्य किंवा एक बरोबर असेल तर तो घटक नक्की द्यावा. दोन-तीन असतील तर तोंडी विचारून ठरवावं. प्रत्येक घटकाच्या शेवटी पाच नव्या प्रश्नांची छोटी चाचणी, आणि त्यात चार आले की सुटका.

वेळापत्रकाकडे मात्र सगळ्यात आधी बघा. ब्रिजचा तास संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवला की ज्यांना तो हवा असतो नेमके तेच गळतात, कारण राधानगरी-गगनबावड्याकडची पोरं रंकाळा स्टँडवर एसटी गाठायच्या घाईत असतात. गावाकडच्या मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, त्याला टिकायला जागा लागते, हे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात एकेक वसतिगृह उभं करून दाखवलं आहे. ब्रिजचा तास मुख्य वेळापत्रकात, सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान बसवणं ही त्याच जातीची सोय आहे.

चाचणी कधी घ्यायची? यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत-ओळखीच्या कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली, आणि इंजिनिअरिंगला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आखून दिला. पहिला दिवस टाळावा, कारण मुलं वर्गखोल्या शोधत असतात. तिसरा किंवा चौथा दिवस बरा. निकाल आठवड्याच्या आत लागलाच पाहिजे. महिन्याने लागलेल्या निकालाचा काही उपयोग नसतो, तोवर अभ्यासक्रम पुढे गेलेला असतो. फेरचाचणीची तारीख आधीच जाहीर करावी. एक तर प्रवेश फेऱ्या लांबतात आणि विद्यार्थी उशिरापर्यंत येत राहतात. दुसरं म्हणजे पावसाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की शिरोळ, पन्हाळा, गगनबावडा या बाजूंचे रस्ते एकेक करून बंद व्हायला लागतात. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्याला ‘शून्य’ धरून खालच्या गटात टाकणं ही चूक सर्रास होते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचाही वेगळा विचार हवा: त्यांचा प्रात्यक्षिकाचा हात चांगला असतो, पण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी त्या खोलीत केलेलं नसतं. त्यांच्यासाठी विकलन (डिफरन्सिएशन), संकलन (इंटिग्रेशन) आणि मॅट्रिक्सवर भर असलेला वेगळा पेपर काढावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या पुस्तिकेत कॉलेज विद्यार्थ्यांची शिकण्याची पातळी तपासतं का, पुढे असलेल्यांसाठी आणि मागे पडणाऱ्यांसाठी काय करतं, अशी विचारणा होती. त्यामुळे अनेक ठिकाणी चाचणी झाली, ‘स्लो लर्नर’ अशी यादी झाली आणि फाइलमध्ये लागली. ती यादी नावानिशी बोर्डावर लावणं तर फारच वाईट. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मनातून तो शब्द सहज जात नाही. निकाल प्रत्येकाला स्वतंत्र चिठ्ठीवर द्यावा. चिठ्ठीवर एकूण गुणांऐवजी सहा घटकांच्या सहा ओळी असाव्यात, प्रत्येकीपुढे ‘ठीक’, ‘उजळणी हवी’ किंवा ‘तास हवेत’, आणि खाली खोली क्रमांक व वेळ.

परदेशी पदवीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं गणितासाठी ‘अॅलेक्स’ची चाचणी घेतात. जास्तीत जास्त ३० प्रश्न, गुण ० ते १००, आणि बहुतेक उत्तरं पर्यायांतून न निवडता स्वतः टाइप करायची असतात. आधीचं उत्तर बघून ती पुढचा प्रश्न ठरवते. काही ठिकाणी ‘अॅक्युप्लेसर’ असते: गुण २०० ते ३००, वेळेचं बंधन नाही, पण मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. घाई करून पुढे जाण्याची सीईटीची सवय तिथे नडते.

चाचणीला बसणाऱ्यांनी आदल्या दिवशी क्लासच्या नोट्स उपसू नयेत. पण अगदी कोरंही जाऊ नये. दोन महिन्यांच्या सुट्टीत हात गंजलेला असतो, आणि गंजामुळे गेलेले गुण खरी पातळी दाखवत नाहीत. दोन-तीन दिवस रोज तासभर नववी-दहावीच्या गणिताच्या पुस्तकातली उदाहरणं कॅल्क्युलेटरशिवाय सोडवा: अपूर्णांक, अवयव, घातांकाचे नियम, ३०-४५-६० अंशांची त्रिकोणमितीय गुणोत्तरं. पेपरात जे येत नाही तिथे ‘माहीत नाही’वर खूण करा. निकालाची चिठ्ठी हातात आली आणि तिच्यावर नुसता एकच आकडा असेल, तर विभागात जाऊन घटकवार गुण मागा आणि आपण निवडलेले पर्याय बघायला मागा. एखाद्या घटकाचे तास तुम्हाला अनावश्यक वाटत असतील, तर शिक्षकांना म्हणा, ‘सर, मला याच घटकाची पाच गणितं आत्ता फळ्यावर द्या.’